पोईच्या विहिरीचा दगड

मच्छिंद्रला त्या दिवशी मिरजगावाहून सिमेंटच्या दोन गोण्या आणायला धाडलं होतं. काम तेवढंच. दुपारी त्यानं गाडी जुंपली, गोदामावर चिठ्ठी दाखवली, गोण्या टाकल्या, वाटेत एका लिंबाखाली विडी ओढली आणि दिवस मावळायला वाडीत परत आला.

छगनमामा ही गोष्ट दर वेळी इथूनच धरतो. छगनमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आता अठ्ठ्याहत्तरचा झालाय, पण आवाज अजून शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला जातो. मच्छिंद्र त्याचा सावडीचा भिडू. याचा एक बैल, त्याचा एक बैल, दोघांची मिळून एक जोडी, असं दोघांनी बारा वर्षं शेत केलं. मच्छिंद्र आता नाही. पण मामा म्हणतो, "माझा बैल खोटं चालला आसंल, मच्छिंद्र कधी खोटं बोलला न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात वीज गेली होती. माझ्या भावाचा गोरक्ष आणि शेजारच्या मास्तरांची कृपा, दोघं ओट्यावर पाय सोडून बसली होती. मी भाकरीचं पीठ चाळत होते.

"तो मोबाईल इझव आधी," मामा म्हणाला.

"इझवला, आजोबा."

"तारीख सांगतो. ध्यानात ठिवा. त्र्याहत्तर साल. मे महिन्याची दोन तारीख. बुधवार. चैत्राची अवस."

गोरक्ष हसला. "आजोबा, भुतं क्यालेंडर बघून निघत्यात का?"

"भूत न्हाई बघत, गाढवा. मंत्री बघतो. दुसऱ्या दिशी मंत्री येनार हुता."

तर मंत्री का येणार होता, ते आधी सांगते. मामा फार फाटे फोडतो.

वाडीचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून नांदतात. नगरहून मिरजगावाकडं जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला आहे. तिथं काकासाहेब म्हणून सोसायटीचा चेअरमन होता. बहात्तरचा दुष्काळ पडला. दुष्काळी काम निघालं, तलावाचं आणि खडी फोडायचं. कामावर कुणाचं नाव घ्यायचं, ते काकासाहेबाच्या हातात. लोक परदेशातून आलेली लाल मिलोची ज्वारी खात होते आणि सुकडीच्या सरकारी खाऊसाठी रांगा लावत होते. आणि ह्या बाबाच्या डोक्यात काय आलं? बाग. मूर्तींची बाग.

पुण्याला कुणाच्या तरी बंगल्यात त्यानं पाहिलं होतं, हिरवळीवर जुने कोरीव दगड मांडलेले. आपल्याकडं तर गावोगाव असले दगड वेशीला पडलेले आहेत. लढाईत मेलेल्यांचे वीरगळ आहेत. सती गेलेल्या बायकांचे दगड आहेत, कोपरातून वाकवलेला हात आणि हातात बांगड्या. मुंडकं नसलेले नंदी आहेत. काकासाहेबानं सांगितलं, दुष्काळ बघायला मोठी माणसं येतात, त्यांना दाखवायला कायतरी पाहिजे. पण फुकट कोण देणार? मग त्यानं साधी रीत काढली. ज्या गावानं दगड दिला, त्या गावाची नावं हजेरीवर.

अकरा गावांनी दगड दिले. पोटासाठी दिले. कुणी आपला वीर दिला, कुणी सती दिली. गाडीत दगड घालताना बाया पदर तोंडात धरून उभ्या राहायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाया खडीवर कामाला यायच्या.

माळावर ओळीनं दगड उभे राहिले. पहिले पंधरा दिवस त्या त्या गावची माणसं यायची, आपापला दगड हुडकून त्याला शेंदूर लावायची, हळदीकुंकू वाहायची. काकासाहेबाला ते नको होतं. दगड बरबटतात. त्यानं दगड ब्रशनं घासून घेतले आणि भवती तारेचं कुंपण घातलं. रात्री बागेवर राखण म्हणून मच्छिंद्रला बसवलं. मग त्याला हिरवळ पाहिजे झाली.

हिरवळीला पाणी लागतं. पंचक्रोशीत पाणी होतं एकाच विहिरीला.

ती पोईची विहीर. पोई म्हणजे वाटसरूंना फुकट पाणी पाजायची जागा. कुण्या जुन्या राजानं विहीर आणि भोवतालची पट्टी एका घराला दिली होती. तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायचं, पट्टी तुमची. त्या घरातली शेवटची बाई रतनबाई, नवरा वारलेली, लेकरूबाळ नाही. दुष्काळात चार वाड्या तिच्या विहिरीवर पाणी भरायच्या. रतनबाई काठावर बसायची आणि घागरींची पाळी लावायची. पुढारी असो की कुणी असो, पाळी सोडून घागर बुडवू द्यायची नाही. काकासाहेबाच्या गड्याची घागर तिनं दोनदा मागं लावली होती.

तिच्याकडं कागद नव्हता. होता तो दगड. विहिरीच्या काठाला, कमरेएवढा.

त्या दगडावर काय कोरलं होतं ते सांगायची वेळ आली की मामा खोकतो. पोरी बसलेल्या असतात ना. म्हणतो, "हुतं आपलं कायतरी वंगाळ." मी खोकणार नाही. वर चंद्र आणि सूर्य. मधे चार ओळी अक्षरं. खाली एक बाई उताणी पाडलेली, आणि तिच्यावर गाढव. याचा अर्थ असा की चंद्रसूर्य आहेत तोवर ही जमीन आणि हे पाणी जो बळकावील, त्याच्या आईवर गाढव चढेल. शिकलेली माणसं याला गधेगाळ म्हणतात. मी म्हणते, चोरी करायची बाप्यानं आणि भोगायचं त्याच्या आईनं, हा न्याय ज्यानं कोरला तो बाप्याच असणार. मामाला माझं हे बोलणं आवडत नाही.

एप्रिलच्या मधाला एक दिवस काकासाहेब चार गडी आणि मच्छिंद्रची गाडी घेऊन विहिरीवर आला.

"रतनबाई, दगड बागेत चालला. अकरा गावचं आलं, आपल्याच वाडीचा नको का?"

रतनबाई म्हणाली, "तो दगड म्हंजी माझा सातबारा हाय."

"मग सातबारा बागेत ठिवतो की! मंत्री वाचंल!"

गडी हसले. काम पाहिजे होतं त्यांना, न हसून करतात काय. दगड उपटला. त्याच संध्याकाळी विहिरीवर इंजिन बसलं, बागेपर्यंत पाइप गेला आणि विहिरीभोवती काटेरी तार आली. पट्टी सोसायटीची झाली. बायका घागरी घेऊन दीड कोस लांब जायला लागल्या. रतनबाईचं नाव खडीवर लागलं. बावन्न वर्षांची बाई, जिनं जन्मभर दुसऱ्याला पाणी पाजलं, ती हातोडी घेऊन उन्हात बसली, आणि तिच्यासमोरून पाइपातनं तिचं पाणी हिरवळीला जात होतं.

गाडी निघताना ती मच्छिंद्रजवळ आली होती. रडली नाही.

"मच्छिंद्रा, तू रवनार का दगड?"

"व्हय रतनबाई. सांगितलंय तसं..."

"रव. पर रवताना त्या दगडातल्या बाईला एक सांग. हात तुझं, हुकूम कुनाचा, ते सांग."

बागेत दगड उतरवला. काकासाहेबाचं घर बागेला लागूनच. त्याची आई राहीबाई ओसरीवर मिलोतले खडे निवडत बसली होती. सत्तरी उलटलेली. काकासाहेबानं दगड पाहिला आणि नाक मुरडलं.

"ह्ये खालचं घान झाकलं पायजे. मंत्र्यासंगं बायाबी येत्यात. खोल गाडा. बाई न् गाढव मातीत, चंद्रसूर्य तेवढं वर."

एक म्हातारा गडी भीत भीत म्हणाला, "साहेब, शिवी लई वंगाळ हाय त्याच्यावरची. उपटनाऱ्याला बाधती म्हनत्यात."

काकासाहेब मोठ्यानं हसला. "आरं, शिवी मला कुठं हाय? आईला हाय! काय गं म्हातारे, तुला भ्या वाटतंय का गाढवाचं?"

सगळे हसले. चार गडी, मुकादम, सगळे. राहीबाईनं वर पाहिलं नाही. हातातलं सूप खाली ठेवलं, उठली आणि आत गेली. मच्छिंद्र म्हणायचा, ते सूप दोन दिवस तिथंच होतं.

मच्छिंद्रनं हातभर खड्डा खणला. दगड उभा केला. माती लोटताना बाई आधी झाकली गेली, मग गाढव. कुणी बघत नाही असं पाहून तो वाकला आणि हळूच म्हणाला, "बाई, हात माझं. हुकूम काकासाहेबाचा." स्वतःचंच त्याला हसू आलं. मग धुमसानं माती ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड चार बोटं वर आला होता.

माती भुसभुशीत असंल, म्हणून त्यानं पुन्हा ठोकली. वर पाणी मारून ठोकली. आठ दिवस काही नाही. मग एका सकाळी पुन्हा चार बोटं. अक्षरांची शेवटची ओळ, जी मातीत गेली होती, ती वर आली. काकासाहेबानं शिव्या घातल्या. "खातूस का न्हाई काय? नीट ठोक!" मच्छिंद्रनं दगड-गोटे घालून ठोकलं. हाताला फोड आले.

मे महिना लागला. बुधवारी सकाळी मच्छिंद्र बागेत गेला तर मातीच्या वर दोन टोकं. जवळ जाऊन पाहिलं.

गाढवाचे कान.

दुसऱ्या दिवशी मंत्री. काकासाहेब लालेलाल झाला. चिठ्ठी लिहिली, तलावाच्या कामातल्या दोन गोण्या घेऊन ये म्हणाला. म्हणून मच्छिंद्र मिरजगावला गेला होता. आता कळलं ना, गोष्ट तिथून का धरतात.

रात्री नऊला काम झालं. जुना खड्डा रुंद केला, दगड पुन्हा खोल सोडला, कान मातीआड, आणि भोवती खडी-सिमेंट ओतलं. काकासाहेब कंदील धरून स्वतः उभा होता. थापीनं वरून गुळगुळीत केलं.

"आता ये म्हनावं वर," काकासाहेब म्हणाला. ओसरीवर जाऊन बाजेवर पडला. उकाडा होता. घरातली बाकीची माणसं माडीवर झोपली होती. मच्छिंद्र कुंपणाशी लिंबाखाली बसला. अवसेचा अंधार. विहिरीवरचं इंजिन लांब फटफट करत होतं, हिरवळीला रात्रभर पाणी चालायचं.

"किती वाजलं असतील, आजोबा?" कृपानं विचारलं.

"अकरा. मिरजगावची शेवटची गाडी जाऊन बराच येळ झाल्ता."

अकराला राहीबाई मागच्या दारानं बाहेर आली. हातात सूप. सुपात एक हिरवं लुगडं घडी केलेलं, खण, नारळ आणि ओंजळभर मिलो. ओटीला तांदूळ लागतात, पण त्या वर्षी तांदूळ कुणी पाहिला होता? मच्छिंद्र उठायला गेला. तिनं हातानंच बस म्हणून सांगितलं.

म्हातारी दगडापुढं बसली. दगडाचं डोकं तेवढं वर, चंद्रसूर्याचं. तिनं त्याच्यावर लुगडं पांघरलं, जसं माहेरवाशिणीच्या खांद्यावर टाकतात तसं. ओल्या सिमेंटवर खण ठेवला, नारळ ठेवला, मिलो ओतली. आणि बोलायला लागली. मच्छिंद्रला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, तुझी वटी कुनी भरली न्हाई. सगळी तोंड फिरवून गेली. मीबी गेले, नवी नवरी हुते तवा. आज आले. त्याची आई मीच. शिवी माझीच हाय, ती मी घेते. पर एक इचारते तुला. चोरी म्या केली का? पानी म्या आडवलं का? त्याला म्या सांगितलं, एक डाव न्हाई, धा डाव सांगितलं. मला म्हनला, म्हातारे, मर. मंग का गं, माझ्यावर गाढव आनि त्याच्या गळ्यात हार?"



"तू उठ," म्हातारी म्हणाली. "उठ. मी आड येत न्हाई."

आणि सूप घेऊन निघून गेली.

मच्छिंद्र दगडाकडं बघत राहिला. लुगडं काढावं का, सकाळी साहेब बघंल... पण हात लावायचा धीर झाला नाही. तसाच बसून राहिला. डोळा लागला की नाही, त्याला कधी सांगता आलं नाही.

इंजिन बंद पडलं.

नुसतं बंद. कुणी गेलं नव्हतं. डिझेल संध्याकाळीच भरलेलं.

रातकिडेही थांबले होते.

तो उठला. कंदिलाची वात वर केली. दगडाकडं गेला.

खड्डा.

दगड नव्हता. ओलं सिमेंट तसंच, मधे दगडाच्या मापाचं भोक. नारळ तिथंच. लुगडं नव्हतं. खण नव्हता. मिलोचा एक दाणा नव्हता.

वर बघितलं, तर वीरांच्या ओळीमधून एक बाई चालली होती.

हिरवं लुगडं. डोक्यावरनं पदर. ओसरीकडं. सावकाश.

मच्छिंद्रला हायसं वाटलं. म्हातारीच. लुगडं परत न्यायला आली.

"आजी," त्यानं हाक मारली. "आजी, दगड कुठं..."

ती वळली नाही.

"राहीआजी!"

त्याच्या मनगटावर हात पडला. मागून.

"कुनाला हाक मारतूस, मच्छिंद्रा?"

राहीबाई.

त्याच्या पाठीशी. विटक्या लुगड्यात. उघड्या डोक्यानं.

...

मामा इथं थांबतो. सुपारी फोडतो. गोरक्षनं पाय वर घेतले होते. "मग?" कृपा म्हणाली. मामा म्हणाला, "मंग काय. म्हातारी म्हनली, बस खाली."

"बस खाली. कंदील इझव. आपुन काय बघितलं न्हाई."

तो बसला. ती शेजारी बसली. मनगट सोडलं नाही. म्हातारीचा हात, पण लोखंडासारखा.

अंधार.

ओसरीच्या फरशीवर आवाज आला. टप.

टप... टप... टप...

चार पायांचा.

बाज करकरली.

"कोन हाय?" काकासाहेबाचा आवाज. "कोन... म्हातारे? ह्ये लुगडं... आरं..."



मग, "आई."

मच्छिंद्र उठायला गेला. हात घट्ट झाला.

"आई... आई गं..."

राहीबाई हलली नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"तुमास्नी हाक मारतोय," मच्छिंद्र कसाबसा म्हणाला.

"मला न्हाई," ती म्हणाली. "त्या दगडावर कोन कोरलीया? त्याची आईच ना. ती गेलीया त्याच्यापाशी."

"आई..."

तिसऱ्यांदा. बारीक. लेकरागत.

मग हिरवळीवरनं काहीतरी ओढत आणल्याचा आवाज. ओल्या गवतातनं. त्यांच्यापासून दहा पावलांवर.

मग थापी.

फत्... फत्... फत्...

ओल्या सिमेंटवर. सावकाश. गुळगुळीत करतात तशी.

किती वेळ... त्याला सांगता आलं नाही.

मग पुन्हा खुरं. विहिरीकडं. लांब. लांब.

मग रातकिडे.

राहीबाईनं मनगट सोडलं. "जा, झोप," म्हणाली. पण दोघंही उठली नाहीत. उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली.

उजाडलं. अकरा गावचे वीर ओळीनं उभे होते, सती हात वर करून उभ्या होत्या, आणि ओळीच्या टोकाला, जिथं गाढवाचा दगड होता तिथं, काकासाहेब होता. गळ्यापर्यंत. भोवती सिमेंट सुकलेलं, थापीनं गुळगुळीत केलेलं. डोकं तेवढं वर.

जिवंत होता. डोळे हलत होते. तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता.

त्याला काढणार कोण? दगड फोडायची हत्यारं होती खडीवरच्या बायकांकडं. मुकादम बोंबलत गेला. बायका कामाला येतच होत्या, पुढं रतनबाई. त्यांनी ऐकून घेतलं. आधी त्या विहिरीवर गेल्या. काटेरी तार खाली पडलेली होती. इंजिन विहिरीत. आणि काठावर, जुन्या जागी, दगड उभा. रतनबाईनं पाणी शेंदलं. एकेकीनं पोटभर पाणी पिलं. तोंड धुतलं. मग पदर खोचून, हातोड्या घेऊन, बागेत आल्या.

घाई कुणीच केली नाही.

मच्छिंद्र म्हणायचा, दुपार झाली काढायला. मंत्र्याची गाडी अकराला आली होती. गर्दी पाहिली, काय झालंय ते कुणीतरी काचेतून सांगितलं, आणि गाडी न थांबता धुरळा उडवत मिरजगावकडं निघून गेली.

पोलिसांनी मच्छिंद्रला दोन दिवस बसवून ठेवलं. सिमेंट त्यानंच आणलं होतं, दुसरं कुणाला धरणार? तिसऱ्या दिवशी राहीबाई स्वतः चालत चौकीवर गेली. म्हणाली, "रातभर ह्यो माझ्यापशी बसला हुता. ह्याचं मनगट माझ्या हातात हुतं. माझ्या लेकाचं बोलनंच गेलंय, मला खोटं बोलायला काय पडलंय?" त्याला सोडलं. मनगटावर चार बोटांचे वळ होते, ते त्याच्या मरेपर्यंत गेले नाहीत. मामानं पाहिलेत.

काकासाहेब सहा वर्षं बाजेवर होता. कमरेखाली जीव नव्हता. राहीबाईनं त्याचं सगळं केलं. खाऊ घातलं, पुसलं, अंगाखालचं काढलं. एक शब्द बोलली नाही. आणि त्याची वाचा थोडी परत आली तेव्हा तो सगळं मागायचा, पाणी मागायचा, विडी मागायचा, पण "आई" म्हणून हाक मारायचा नाही. ते म्हणायला गेला की दातखीळ बसायची.

हिरवळ आठ दिवसांत जळाली. मग एकेक गाव रात्रीचं गाडी घेऊन यायला लागलं आणि आपला दगड घेऊन जायला लागलं. कुणी कुणाला विचारलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला सात गावांचे दगड गेले होते. राहिलेल्यांत धनगरांनी मेंढ्या बसवल्या. पुढं तिथं एसटीचा थांबा झाला, वीरगळावर बसून माणसं गाडीची वाट बघायची. आता तिथं धाबा आहे. मुंडकं नसलेला नंदी अजून आहे, मोटारसायकलवाले त्याच्या मानेवर हेल्मेट अडकवतात. बागेचं एवढंच उरलं.

विहीर आहे. रतनबाई वारली तेव्हा ती पट्टी कुणीच मागितली नाही. चार वर्षांपूर्वी काकासाहेबाच्या नातवानं तिथं प्लॉट पाडायला खुंट्या मारल्या होत्या. त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं त्या उपटल्या. का, ते कुणाला सांगत नाही. आई आहे त्याची अजून, ती म्हणते, माझ्या लेकाला रात्री झोपताना दिवा लागतो.

"आणि ते हिरवं लुगडं?" कृपानं विचारलं.

"न्हाई घावलं," मामा म्हणाला.

गोरक्ष म्हणाला, "आजोबा, सिमेंट कुनीतरी चार गड्यांनी केलं आसंल. दगडबी त्यांनीच नेला आसंल. रागात हुती की सगळीच."

मामा चिडला नाही. "आसंल," म्हणाला. "मीबी वीस वरसं तेच म्हनत हुतो. मंग एक डाव दगड नीट बघितला."

"काय हुतं?"

मामानं सुपारी तोंडात टाकली. याच्या पुढचं तो कधीच सांगत नाही.

म्हणून मी गेले. दिवाळीनंतर, भर दुपारी, नातेवाइकाकडं जायच्या निमित्तानं. दगडाला कुणीतरी दोन फुलं वाहिलेली होती. वर चंद्र आहे, सूर्य आहे. चार ओळी अक्षरं आहेत. खाली गाढव आहे, कान टवकारलेलं, चारी पाय भक्कम.

बाई नाही.

फोडलेली नाही, घासलेली नाही. छिन्नीचा एक ओरखडा नाही. मी हात लावून पाहिला. गाढवाच्या पोटाखाली दगड गुळगुळीत आहे, जसं तिथं कधी कुणी नव्हतंच.